लांबून मी, जवळून तू

शिरगाव, ता. पालघर, जि. ठाणे
१४ नोव्हेंबर १९६६

मंदा,

मायना काय लिहावा ते कळेना. चि. सौ. लिहावं तर गेल्या वर्षापासून सौ. लिहिता येत नाही, आणि चि. लिहिण्याइतकं आपल्यात काही उरलेलं नाही. म्हणून नुसतं नाव.

खंडेराव गेल्याचं मला वर्तमानपत्रात वाचून कळलं. फोटो होता, खाली त्यांच्या चित्रपटांची नावं होती, आणि 'खाजणाची लेक'पुढे कंसात तुझं नाव होतं. मी भेटायला आले नाही, दोन ओळीही पाठवल्या नाहीत. पाठवल्या असत्या तर खोट्या लिहाव्या लागल्या असत्या. तू सख्खी बहीण असलीस तरी तेवढं मला जमलं नसतं.

आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. मुंबईहून प्रताप नावाचे एक गृहस्थ परवा इथे आले होते. तिशीचे असतील. कुठल्याशा चित्रपट मंडळाचे चिटणीस आहेत आणि जुने मूकपट शोधत हिंडतात. वाडीत मी केळीची पानं कापत होते. त्यांनी पायरीवर बसूनच विचारलं, "बाई, 'खाजणाची लेक'मध्ये तुम्ही होतात असं बोईसरचा पुंजाराम सांगतो. खरं का?"

"तुम्ही चित्रपट पाहिलात?" मी विचारलं.

"पाहिला. मंदाबाईंकडची प्रत पाहिली."

"मग त्यात मी आहे. लांबून आहे."

त्यांना कळलं नाही. तेव्हा सगळं सांगावं लागलं. तुला ठाऊकच आहे, पण मी त्यांना काय सांगितलं ते तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जायला नको.

मी सांगितलं की एकोणतीस साली खंडेरावांनी दातिवऱ्याच्या मिठागरावर मूकपट काढला तेव्हा त्यातली राधी मी होते. सहा वर्षांनी बोलपट आले, मुक्याला कुणी विचारेना, तेव्हा त्यांनी तोच चित्रपट बोलका केला. मिठागर, बांध, मीठ उचलणाऱ्या शंभर बायका, हे सगळं पुन्हा उभं करणं शक्य नव्हतं. म्हणून लांबून घेतलेलं सगळं जुनंच ठेवलं. जवळून घेतलेलं तेवढं काढून टाकलं आणि त्या जागी माझ्या धाकट्या बहिणीला उभं केलं. शेवटही बदलला. डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून चालत जाते ती मी आहे, आणि वळून बघते ती मंदा आहे. लांबून मी, जवळून तू.

प्रतापनी सगळं वहीत टिपून घेतलं. मग म्हणाले, की पुंजारामाकडे मूकपटाची जुनी प्रत आहे. तो तंबू घेऊन आठवडी बाजारातून सिनेमे दाखवायचा, बोलपट आल्यावर कुणाला नको असलेली ती प्रत त्याने घेतली आणि पुढे कित्येक वर्षं वापरली. ती फाटलेली आहे, त्याने मधूनमधून कापलेलीही आहे, पण तीत जवळूनही मीच आहे. त्यांच्या मंडळाला दोन्ही प्रती शेजारी ठेवून चित्रपट पहिल्यासारखा जोडायचा आहे. जिथे पुंजारामाची फीत पुरत नाही तिथे तुझ्याकडची घ्यायची. त्याला तुझी परवानगी लागते, कारण हक्क खंडेरावांच्या मागे तुझ्याकडे आले. आणि तू नाही म्हणालीस. "माझ्या यजमानांनी शेवटी जसा केला तोच खरा चित्रपट," असं तू त्यांना सांगितलंस.

तो खरा नाही, हे तुला माहीत आहे.

या वयात आपला चेहरा परत लावून घेऊन हिला काय मिळणार, असं तू म्हणत असशील. काय मिळणार ते मी सांगणार नाही. एकतीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागते आहे. प्रतापना नाही म्हणू नकोस.

मंगला


शिरगाव
९ जानेवारी १९६७

मंदा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. उत्तर देशील असं वाटलं नव्हतं.

तू लिहितेस, "तुला मुंबईला बोलावलं होतं, तूच आली नाहीस. ते काम कुणीतरी करायलाच हवं होतं." हे तुला खंडेरावांनी सांगितलं असेल. किंवा तूच स्वतःला सांगत आली असशील, आणि इतक्या वर्षांनी ते खरं वाटू लागलं असेल. काय झालं ते मी लिहिते. वाच, मग फाड.

पस्तीस साली ते बोलपटाचं घेऊन शिरगावला आले तेव्हा पोफळं उतरवायचं काम चालू होतं. अण्णा त्यांच्याशी बोलेनात. मूकपटाच्या वेळी विधवा मुलीला सिनेमात जाऊ दिलं म्हणून अण्णांना जातीत जे ऐकावं लागलं, ते तू लहान असलीस तरी पाहिलेलं आहेस. विहिरीवर बायका आईशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. तरीसुद्धा मी ओटीवर आले. कारण मूकपट पुरा होताना त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. माझ्याशी पुनर्विवाह करणार होते, आणि सहा वर्षं मी त्या शब्दावर होते. हे तुला माहीत नव्हतं असं लिहू नकोस, तू तेव्हा माझ्याच अंथरुणात झोपायचीस आणि मी तुला सांगितलं होतं.

त्यांनी मला खिशातून एक कागद काढून दिला. म्हणाले, "हे वाचून दाखवा." राधीचं दारातलं बोलणं होतं. मला अडखळत वाचावं लागलं. थोडं वाचल्यावर मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "आमी असं बोलत नाय. राधी मिठागरातली हाय ना, ती आमच्यासारखीच बोलंल."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मंगलाबाई, तुमचा चेहरा आहे. पण तोंड उघडलंत की शिरगाव बाहेर पडतं. पुण्यामुंबईचे लोक तिकीट काढून हे ऐकणार नाहीत."

मग त्यांनी तुला हाक मारली. तू मामाकडे मुंबईला राहून शाळा शिकलेली. तू तो कागद घडाघडा वाचलास. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि आतून ऐकत होते. तू छान वाचलंस, मंदा. ते मी तेव्हाही कबूल केलं असतं. पण वाचून झाल्यावर तू आत आली नाहीस. ओटीवरच बसलीस. जेवायच्या वेळेपर्यंत बसलीस. त्या वेळी तू आत आली असतीस आणि काहीही बोलली असतीस, तरी मी तुला जा म्हटलं असतं.

मुंबईचं बोलावणं मला आलं नाही. तुझ्या लग्नाची पत्रिका आली.

पुढच्या वर्षी मी लोकल बोर्डाच्या परीक्षेला बसले आणि मास्तरीण झाले. तीस वर्षं या तालुक्यातल्या पोरांना 'आहे' आणि 'नाही' शिकवलं. आता मी तुझ्यापेक्षा शुद्ध लिहिते. घरात एकटी असते तेव्हाही शुद्ध बोलते. सवय मोडत नाही.

प्रतापना काय ते लवकर कळव. पुंजारामाची फीत खराब होत चालली आहे असं ते म्हणतात.

मंगला


शिरगाव
२६ मार्च १९६७

मंदा,

तुझ्याकडून काही कळलं नाही, म्हणून मी वाट न बघता प्रतापबरोबर फीत बघायला गेले. पालघरहून शटलने बोईसर, तिथून कुंभवलीपर्यंत टांगा. तू आता बोईसर ओळखणार नाहीस. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं काम निघाल्यापासून कुठकुठली माणसं आली आहेत. स्टेशनाबाहेर हिंदीच ऐकू येतं. भाताच्या खाचरांत पत्र्याच्या खोल्या उभ्या आहेत.

पुंजाराम कुंभवलीत असतो. त्याच्या मुलाने तंबूचं सामान ठेवायची शेड एका कंत्राटदाराला सिमेंट ठेवायला दिली. त्यामुळे फितीचे डबे घरामागे चिंचेखाली आले आहेत, वर नुसती ताडपत्री. प्रतापनी ते पाहिलं आणि डोक्याला हात लावून बसले. मग डबे उघडले तेव्हा आणखी वाईट वाटलं असणार, कारण पुंजारामाने फीत कुठे कुठे कापली ते तो अभिमानाने सांगू लागला.

"लोक इडी वढायला उठायचे तिथं मी कापलं," तो म्हणाला. "माझा तंबू व्हता, देऊळ नव्हतं."

"अहो, पण कापलेले तुकडे कुठे आहेत?" प्रतापनी विचारलं.

"तुकडं कोन ठेवतो? पोरांना दिलं खेळायला."

प्रतापना राग आला होता. मला हसू आलं. खंडेरावांनी शुद्ध बोलण्यासाठी कापलं आणि याने विडीसाठी. यांतलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येईना.

"शेवट तेवढा कापला नाय," पुंजाराम माझ्याकडे बघून म्हणाला. त्याने मला ओळखलं होतं. "बायका त्याच्यासाठीच दुसऱ्यांदा यायच्या, बाई. कोळणी, वारलिणी, समद्या. राधी पोराच्या बापाच्या दारात जाते, तो दार उघडत नाय, मंग ती रडत नाय का पाया पडत नाय. पोर खांद्यावर घेते नि बांधावरनं निघून जाते. बोलपटात तो तिला घरात घेतो, ती पाया पडते. माझ्या तंबूत त्ये चाललं नाय. बायका म्हनल्या, ही आमची राधी नाय."

हे मी तुला टोचावं म्हणून लिहिलं आहे. पण तो असंच म्हणाला.

शेवटचा डबा उघडायला वेळ लागला. झाकण गंजून बसलं होतं. आतून आंबलेला, उग्र वास आला. फितीचे बाहेरचे वेढे एकमेकांना चिकटले होते, तपकिरी झाले होते, मधासारखं काहीतरी बोटाला लागत होतं. प्रतापनी हातमोजे घालून हळूहळू आतला एक भाग सोडवला आणि उन्हाकडे धरला. "बाई, हे बघा."

नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. बांध, पाण्याची चमक, माझी पाठ. आणि खांद्यावरून मागे बघणारी ठकी.

आता लिहिते. नोव्हेंबरात लिहिलं नव्हतं.

मला माझा चेहरा नको आहे. माझा चेहरा आरशात आहे, कसाही असला तरी आहे. मला ठकी हवी आहे, माझी लेक. ती वर्षाची होती तेव्हा राधीचं मूल म्हणून तिलाच घेतलं, कारण ती माझ्याच कडेवर राहायची. सबंध चित्रपटात ती पदराखाली झाकलेली आहे, खाजणातल्या वाऱ्यामुळे मी झाकायचे. तोंड दिसतं ते फक्त शेवटी. मी चालत जाते आणि ती खांद्यावरून मागे बघून हसते. बंद दाराकडे बघून लेकरू हसतं असं वाटतं, आणि त्यावर लोकांनी खंडेरावांची वाहवा केली. तुला आणि मला माहीत आहे ती कशाला हसत होती. तू कॅमेऱ्याच्या मागे डोक्यावर मिठाची टोपली पालथी घालून नाचत होतीस. खंडेराव तुला रागे भरले आणि मग पडद्यावर पाहिल्यावर त्यांनी तुझी पाठ थोपटली.

दुसरी होळी यायच्या आत तिला देवी आल्या. तू तेव्हा मामाकडे होतीस, तू तिला त्या आजारात पाहिलं नाहीस. मी पाहिलं. मंदा, मी डोळे मिटले की मला तोच चेहरा दिसतो. फोड आलेला, डोळे उघडता न येणारा. त्याच्या आधीचा चेहरा मला आठवत नाही. प्रयत्न करते, येत नाही. तिचा फोटो कधी काढला नव्हता. ती फीत सोडली तर तिचा चांगला चेहरा जगात कुठे नाही.

उन्हाकडे धरलेल्या त्या चित्रात चेहरा नखाच्या टोकाएवढा होता. हसते आहे एवढं कळलं. नाक-डोळे कळले नाहीत. मोठं करून बघायचं तर फितीची नवी नक्कल काढावी लागेल, आणि प्रयोगशाळा हक्कदाराच्या लेखी परवानगीशिवाय काढत नाही.

हक्कदार तू आहेस.

मंगला


शिरगाव
१८ ऑगस्ट १९६७

मंदा,

तुझ्या अटी प्रतापनी येऊन सांगितल्या. तू मला उलट पत्र लिहिलं नाहीस, त्यांच्याकडे निरोप दिलास. ठीक आहे.

पुंजारामाची फीत दारापर्यंत वापरायची. राधी दार ठोठावते तिथपर्यंत. दार उघडल्यापासून पुढे सगळा बोलपटातला भाग, म्हणजे तू आत येतेस, तू पाया पडतेस, ते. बांधावरचा शेवट घ्यायचा नाही. आणि नायिका म्हणून पाटीवर तुझं एकटीचं नाव.

प्रतापना लाज वाटत होती. म्हणाले, "बाई, हे बरोबर नाही हे मला कळतं. पण असं केलं नाही तर काहीच होणार नाही. निदान तुमचा अर्धा भाग तरी लोक बघतील. तुम्ही नको म्हणालात तर मी सोडून देतो."

मी म्हटलं, "करा."

त्यांना वाटलं मी फार मोठ्या मनाची आहे. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

तुझ्या निरोपातली दुसरी गोष्ट त्यांनी अगदी शेवटी, छत्री उघडताना सांगितली. मूळ निगेटिव्ह आता कुठे शोधू नका, बोलपट झाल्यावर खंडेरावांनी ती बांगड्यांच्या कारखान्याला विकली, असं तू म्हणालीस. फीत वितळवून बांगड्या करत, हे मी ऐकून होते. पालघरच्या बाजारात त्या वर्षांत हलक्या, चकचकीत बांगड्या यायच्या आणि पोरी त्यांच्यावर तुटून पडायच्या. मी विधवा, म्हणून निदान माझ्या हातात तरी त्या चढल्या नाहीत. तुझ्या लग्नातल्या चुड्याचं मला माहीत नाही.

हे लिहून झाल्यावर खोडणार होते. राहू दे.

तुझ्या सगळ्या अटी मला मान्य आहेत. चित्रपट तुझा, शेवट तुझा, नाव तुझं. मला चित्रपटाबाहेर ठेवलेला तो शेवटचा तुकडा दे. तो कुणाला दाखवणार नाही, त्याच्यावर हक्क सांगणार नाही. त्याची नक्कल काढायला हरकत नाही एवढ्या दोन ओळी प्रतापना लिहून दे. तुझ्या राधीला त्याने काही होत नाही.

ठकी तुझीही भाची होती.

मंगला


शिरगाव
२१ जानेवारी १९६८

मंदा,

परवा दादरला त्या सभागृहात आपण बत्तीस वर्षांनी भेटलो. तुझे केस अजून काळे आहेत. माझ्याकडे बघून तू हसलीस आणि मग कुणीतरी तुझ्या गळ्यात हार घातला.

मला प्रतापनी आग्रहाने नेलं होतं. तिसऱ्या रांगेत बसले. दिवे गेले आणि मिठागर दिसलं. मशीन बोलपटाच्या वेगाचं असल्यामुळे माणसं तुरुतुरु चालत होती. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन मी बांधावरून पळत सुटल्यासारखी दिसले आणि माझ्या मागचे दोघे हसले. कारण काय ते प्रतापनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, तरी लोक हसायचं ते हसतातच. पण मग मी जवळून दिसले, मोठी, सबंध पडदाभर, आणि हसणं थांबलं. मी चांगली होते. ते मला माहीत नव्हतं. मूकपट लागला तेव्हा मी लाजेने अर्धा वेळ मान खाली घालून होते. आता मान वर ठेवून पाहिलं.

मग दार आलं. मी मूल पदराखाली घेऊन दार ठोठावलं. दार उघडलं आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस ते तू. लुगडं वेगळं, नाक वेगळं, मुलाचं कुंची-टोपडं वेगळं. मी वाट बघत होते की कुणीतरी काहीतरी बोलेल. सभागृह भरलेलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, मंदा. एका बाईला दोन चेहरे असलेले लोकांना चालतात.

नंतर कॉफीच्या वेळी मी तुझ्या शेजारी उभी होते. तो उंच गृहस्थ, वर्तमानपत्रात लिहिणारा, तुला म्हणाला, "पहिल्या अर्ध्या भागात तुम्ही केवढ्या कोवळ्या दिसता. आणि ती नजर. तशी नजर नंतर बोलपटात कुणाला साधली नाही."

तू म्हणालीस, "तेव्हा वयच तसं होतं."

मग तुला माझी आठवण झाली. "ही माझी थोरली बहीण. शिरगावला असते. शिक्षिका होती." त्याने मला नमस्कार केला. मीही केला. तोवर माझं काही बिघडलं नव्हतं, हे तुला खरं सांगते. चेहऱ्यावर मी पाणी सोडूनच आले होते.

त्याने पुढे विचारलं, "ते पदराखालचं मूल खरं होतं की बाहुली?"

तू माझ्याकडे पाहिलंस. नाही पाहिलंस असं म्हणू नकोस. आणि म्हणालीस, "बाहुलीच होती."

नावच ठकी, लाकडी बाहुलीचं, म्हणून तुला सोपं गेलं असेल.

मी कप टेबलावर ठेवला आणि निघाले. प्रताप स्टेशनापर्यंत आले. त्यांनी सांगितलं, की तो शेवटचा तुकडा अजून त्यांच्याकडे डब्यात आहे, पण तो उन्हाळा काढणार नाही. एकदा उकाडा वाढला की अशी फीत आतून झपाट्याने जाते. प्रयोगशाळेचे लोक परवानगीशिवाय हात लावत नाहीत, त्यांनी दोनदा विचारून पाहिलं.

तू ऑगस्टातल्या पत्राला उत्तर दिलेलं नाहीस. मी पुन्हा मागत नाही. फक्त उन्हाळा होळीनंतर सुरू होतो हे कळवते.

मंगला


शिरगाव
२ जुलै १९६८

मंदा,

तुझं पत्र आणि सोबतची परवानगी मिळाली. सही आहे, तारीख आहे, सगळं नीट आहे.

प्रताप मे महिन्यातच डबा घेऊन आले होते. ते राहतात त्या इमारतीतल्या लोकांनी वासामुळे तक्रार केली, आणि अशी फीत पेट घेते हे कुणीतरी त्यांना सांगितलं. म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी तो इथे आणला. वाडीत विहिरीच्या मागे सावलीत आम्ही तो उघडला. आत फीत नव्हती. तपकिरी भुकटी होती, नाकात ओढायच्या तपकिरीसारखीच बारीक. मधे सुपारीएवढा एक गोळा राहिला होता. प्रतापनी तो चाकूने उकलायचा प्रयत्न केला आणि त्याचीही भुकटी झाली. ते रडले. मी त्यांना पाणी दिलं. मग आम्ही खड्डा करून ती पुरली, कारण ती वाऱ्यावर सोडणं बरं नाही असं ते म्हणाले.

तेव्हा तुझी परवानगी परत पाठवते आहे. ती आता कशालाच लागू होत नाही.

पत्रात तू लिहिलं आहेस की त्या दिवशी 'खरं मूल' म्हटलं असतं तर 'कुणाचं' असं विचारलं गेलं असतं, आणि मग सगळंच बाहेर आलं असतं. हे तू लिहायची गरज नव्हती. तुझ्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आधीच ते मला कळलं होतं. तू असंही लिहिलंस की यजमान असताना त्यांच्यापुढे तुला तोंड उघडता आलं नाही, आणि आता ते नाहीत तर ज्या नावासाठी तोंड बंद ठेवलं तेवढंच हातात उरलं आहे. ते मी समजू शकते. समजलं म्हणून राग जात नाही. तू जानेवारीत दोन ओळी लिहिल्या असत्यास तरी पुरलं असतं. होळीला लिहिल्या असत्यास तरी पुरलं असतं.

पुंजारामाला मी कुंभवलीला जाऊन सांगितलं. तो खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "बाई, मी त्ये पोर शेकडो येळा पायलं. पन तवा मी मशीनकडं बघायचो. चेहरा इचाराल तर सांगता येनार नाय."

पावसाने चार दिवस उघडीप दिली आहे. मी या पत्राचा विचार करत ते चार दिवस काढले. आई-अण्णा गेले. खंडेराव गेले. कॅमेरा चालवणारा तो पारशी युद्धाच्या आधीच गेला. त्या दिवशी बांधावर मी पाठमोरी होते, मला ती हसलेली दिसली नाही. हसताना तिला समोरून पाहिलेलं माणूस आता एकच उरलं आहे, आणि ते तू आहेस. हे मला अजिबात आवडत नाही. पण दुसऱ्या कुणाला विचारू?

तुला मी माफ केलेलं नाही, आणि करीन असंही नाही. तरी शिरगावला ये. राहायला नको. सकाळच्या गाडीने पालघरला उतर, मी एसटी स्टँडवर असेन. तिचे डोळे कसे होते, हसताना कुठल्या गालाला काय व्हायचं, दात किती आले होते, जे आठवेल ते सांग. आठवत नसेल ते जोडून सांगू नकोस. आणि सांगून झालं की संध्याकाळच्या गाडीने परत जा.

मंगला